समूहगायनाचा खर्च कोणी सोसावा?

गोव्यातील जुन्या चर्चमध्ये गायकवृंदाची जागा बहुधा प्रवेशद्वारावरच्या सज्जात असते. भाविकांची तोंडे वेदीकडे असल्यामुळे त्यांना गाणे ऐकू येते. गाणारे दिसत नाहीत, आणि त्यांच्याकडून गाऊन घेणारा तर मुळीच दिसत नाही. हा गाऊन घेणारा म्हणजे ‘मेस्त्री’. आपल्या ‘मिस्त्री’ या शब्दाचे मूळही त्याच पोर्तुगीज शब्दात आहे.

समूहगायन हा संगीताचा सर्वांत स्वस्त प्रकार समजला जातो. वाद्य नसले तरी चालते आणि गळा निसर्गाने फुकट दिलेला आहे. पण हा हिशेब अपुरा आहे. सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास या चार आवाजांच्या ओळी निरनिराळ्या असतात. आपली ओळ न सोडता शेजाऱ्याची ऐकणे, एकाच क्षणी श्वास घेणे, शब्दाचा शेवट एकदम करणे हे दीर्घ तालमीनेच साधते. मैफलीत संचालकाचा हात हलताना दिसतो. त्याचे खरे काम त्यापूर्वीच झालेले असते. गळे फुकट असले, तरी शिक्षक फुकट मिळत नाही.

गोव्यात पोर्तुगीज अमदानीत हा भार धर्मग्रामांच्या शाळांनी उचलला. तेथे मेस्त्री मुलांना स्वरलिपी, गायन व व्हायोलिन शिकवीत. हेतू उपासनेपुरता होता. लाभ मात्र दूरवर पोहोचला. माजोर्डा येथील चर्चच्या गायकवृंदाच्या संचालकाचे पुत्र अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या चित्रपटसृष्टीत नामवंत व्हायोलिनवादक व वाद्यवृंदरचनाकार झाले. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. गुंतवणूक खेड्याची, उत्पन्न शहराचे! अर्थशास्त्र याला बाह्य लाभ म्हणते. आणि असा लाभ घेणारा त्याची किंमत सहसा आपणहून देत नाही.

चर्चबाहेरही हे गायन रुजू शकते, हे मुंबईने दाखविले आहे. १९५६ साली व्हिक्टर परंज्योती यांनी स्थापन केलेल्या गायकवृंदाची धुरा पुढे कुमी वाडिया यांनी दीर्घकाळ वाहिली आणि हौशी गायकांच्या बळावर त्याला परदेशातही लौकिक मिळवून दिला. परंतु एका व्यक्तीच्या चिकाटीवर उभे राहिलेले कार्य ही व्यवस्था नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६३ च्या दस्तऐवजात गायकवृंद जोपासण्याचा आग्रह धरला होता. पण आग्रहातून कोणाचे वेतन निघत नाही.

आपल्या शाळांची स्थिती याहून वेगळी नाही. प्रजासत्ताकदिनापूर्वी आठवडाभर समूहगीताची धांदल उडते आणि दुसऱ्या दिवशी ती संपते. तेव्हा अनुदानित शाळांत संगीतशिक्षकाचे पद कायम करणे आणि समूहगायनाला वेळापत्रकात आठवड्याचा निश्चित तास देणे, ही मागणी चैनीची म्हणता येणार नाही. त्यासाठी नवी इमारत नको, महागडी वाद्ये नकोत. हवे आहे ते एका शिक्षकाचे वेतन. शेजाऱ्याचा आवाज ऐकून आपला आवाज लावण्याची सवय ज्या समाजाला हवी आहे, त्याने एवढा खर्च सोसलाच पाहिजे.