तीन चुकीच्या पर्यायांची बाजू

सीईटीचा हंगाम आला की एक तक्रार हमखास ऐकू येते : बहुपर्यायी प्रश्नांनी भौतिकशास्त्राचे वाटोळे केले, मुले विचार करीत नाहीत, पर्यायांवरून उत्तर हुडकतात आणि काहीच सुचले नाही तर तुक्का मारतात. त्याच वेळी क्लासच्या जाहिराती नेमके उलटे सांगत असतात : सिद्धता विसरा, ट्रिक शिका, दहा सेकंदांत उत्तर काढा. हे दोन्ही पक्ष एकमेकांविरुद्ध उभे असले तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. पर्याय पारखणे वेगळे आणि भौतिकशास्त्र समजणे वेगळे, असे दोघेही धरून चालतात. माझा विरोध या गृहीतकाला आहे.

आधी तुक्क्याचा आक्षेप घेऊ. एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्राचे ५० प्रश्न असतात, प्रत्येकाला १ गुण असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. डोळे मिटून सगळी उत्तरे दिली तर सरासरी साडेबारा गुण पडतील. नशीब जोरावर असले तर आणखी तीन-चार. हा आधार सगळ्यांना सारखाच मिळतो. तेवढ्याने अभ्यासू मुलगी मागे पडेल आणि न वाचलेला मुलगा पुढे जाईल, ही भीती अवाजवी आहे. मात्र चारांपैकी दोन पर्याय सकारण बाद करणाऱ्याची संधी एक चतुर्थांशावरून निम्म्यावर जाते, आणि ही वाढ नशिबाची नव्हे, समजुतीची असते.

‘पण पर्याय बाद करणे ही पळवाटच ना?’ हा दुसरा आक्षेप. एक साधे गणित पाहा. घर्षणरहित कप्पीवरून टाकलेल्या हलक्या दोरीच्या टोकांना दोन असमान वस्तुमाने टांगली आहेत. त्यांचे त्वरण किती? पहिला पर्याय : वस्तुमानांच्या फरकाला बेरजेने भागून गुरुत्वीय त्वरणाने गुणा. दुसरा : बेरजेला फरकाने भागून गुणा. तिसरा : मोठ्या वस्तुमानाला बेरजेने भागून गुणा. चौथ्यात दोरीतल्या ताणाचे सूत्र दिले आहे. चौथ्याचे एकक न्यूटन निघते, म्हणून तो बाद. आता दोन्ही वस्तुमाने समान धरा. तोल साधला की त्वरण शून्य यायला हवे. दुसरा पर्याय अनंताकडे धावतो आणि तिसरा गुरुत्वीय त्वरणाच्या निम्मे देतो. उरला पहिला. त्यात लहान वस्तुमान शून्य केले की मुक्त पतन मिळते, म्हणजे तो तपासूनही झाला. एकही समीकरण मांडावे लागले नाही, पण एकक, तोल आणि मुक्त पतन या तिन्हींची जाण लागली.

मितींवरून विचार करणे दुय्यम समजणाऱ्यांनी भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांचे काम आठवावे. न्यू मेक्सिकोत १९४५ साली झालेल्या अणुस्फोटाच्या छायाचित्रांत आगीचा गोळा किती वेळात किती फुगला, एवढे दिसत होते. टेलर यांनी मितींच्या विचारातून मिळालेल्या नात्यावरून स्फोटाची ऊर्जा काढली आणि १९५० साली ती प्रसिद्ध केली. हीच रीत बारावीच्या मुलाने वापरली की तिला पळवाट का म्हणायचे?

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. ट्रिक विकणारे सूत्र देतात, पण ते कुठे लागू पडते हे सांगत नाहीत. निम्मे अंतर ताशी ४० किलोमीटर आणि निम्मे ६० च्या वेगाने कापले तर सरासरी वेग ४८ येतो. निम्मा वेळ ४० आणि निम्मा वेळ ६० ने गेला तर सरासरी ५० येते. पाठ केलेले एकच सूत्र दोन्हीकडे लावणाऱ्यासाठी चुकीचा आकडा पर्यायांत तयारच असतो.

याहून बोलके उदाहरण उतारावरून न घसरता गडगडणाऱ्या भरीव दंडगोलाचे. त्याचे त्वरण त्याच उतारावर घर्षणाशिवाय घसरणाऱ्या ठोकळ्याच्या किती पट? पर्याय : १, १/२, ५/७, २/३. येथे मिती काहीच मदत करीत नाहीत. १ निवडणारा दंडगोलाचे फिरणे विसरला, १/२ वाल्याने त्याला कडे मानले, ५/७ वाल्याने भरीव गोल. २/३ पर्यंत पोहोचायला जडत्व-आघूर्ण समजावेच लागते. तीन चुकीचे पर्याय तीन चुकीच्या समजुती नावानिशी दाखवतात. एवढे नेमके निदान लाल शाईच्या फुलीतून क्वचितच होते.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. भौतिक व रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. एवढ्यात समजुतीपेक्षा सरावाचा वेग जास्त मोजला जातो. म्हणून प्रश्न कमी करावेत, वेळ वाढवावा. युक्तिवादाची मांडणी आणि प्रयोगातले हात बहुपर्यायी परीक्षेला दिसत नाहीत, हेही खरे. त्यासाठी बोर्डाचे ७० गुणांचे लेखन आणि ३० गुणांचे प्रात्यक्षिक आहे. प्रयोगशाळेतले तास वाया गेले असे मानणारी व्यवस्था दोषी आहे. तिचे खापर चार पर्यायांवर फोडू नये.

मग करायचे काय? विद्यार्थ्याने सरावात पर्याय झाकून प्रश्न वाचावा. उत्तराचे एकक, चिन्ह आणि अंदाजे आकार आधी ठरवावा, मगच पर्याय उघडावेत आणि नाकारलेल्या प्रत्येकापुढे एका ओळीत कारण लिहावे. शिक्षकाने बरोबर उत्तराच्या आधी चुकीच्या तिघांची कारणे विचारावीत. प्रश्न काढणाऱ्याने मनाला येतील ते आकडे भरू नयेत. प्रत्येक चुकीचा पर्याय विद्यार्थ्यांच्या एखाद्या खऱ्या चुकीतून यावा. एवढे झाले तर एका प्रश्नातून एक उत्तर आणि तीन कारणे शिकून होतील, आणि कारणे देता येणे म्हणजेच भौतिकशास्त्र येणे.