सिसिलीत एक सकाळ गंधकाच्या खाणींसाठी

सिसिलीला जाणारे आपले लोक एटना ज्वालामुखी, ताओर्मिना आणि अग्रिजेंतोची ग्रीक मंदिरं पाहून परततात. त्यांना कळकळीची विनंती आहे, एक सकाळ फ्लोरिस्तेला-ग्रोत्ताकाल्दाच्या बंद गंधक खाणींसाठी ठेवा. प्याझ्झा आर्मेरिनाची रोमन मोझेकं पाहायला जाणार असाल, तर हा परिसर तिथून जवळच आहे. इथलं खाणकाम १९८६ मध्ये थांबलं.

पण जाल ते वाटाड्याबरोबरच जा. गवताआड जुन्या विहिरींची तोंडं असतात, आतून पोखरलेली जमीन खचते. अशा खाणींत साचणाऱ्या एका विषारी वायूला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण थोड्या वेळाने नाकच बधिर होतं. म्हणजे वास थांबला म्हणून धोका टळला असं समजू नका. मुलांचा हात सोडू नका. उन्हाळ्यात तिथे सावली शोधावी लागते, म्हणून वसंतात किंवा शरदात जा.

उतारावर दगडी गोल खड्डे दिसतील, ते ‘काल्कारोनी’. त्यांत खनिज रचून, वर माती लिंपून, वीटभट्टीसारखं पेटवून देत. थोडा गंधक जळे आणि त्याच्या आचेने उरलेला वितळून खालच्या तोंडातून वाहू लागे. धुराने आसपासची पिकं करपत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपातल्या द्राक्षबागांवर भुरी पडली आणि गंधकाला मागणी वाढली. नाशिक-तासगावचे बागाईतदार आजही भुरीवर गंधकच वापरतात, त्यांना तर हे ठिकाण परकं वाटायला नको.

वाटाड्याला ‘कारुसी’ विषयी आवर्जून विचारा. आठ-दहा वर्षांची ही पोरं. खोदकाम करणारा त्यांच्या आईबापांना उचल देई आणि ती फिटेपर्यंत पोरगं त्याच्याकडे बांधलेलं राही. असह्य उकाड्यात, जवळजवळ उघड्या अंगाने, ती खनिजाचं ओझं पाठीवर घेऊन खडकात कोरलेल्या पायऱ्या चढत. अमेरिकेत गुलामगिरीत जन्मलेले बुकर टी. वॉशिंग्टन १९१० मध्ये सिसिलीत आले. या मुलांचे हाल निग्रो गुलामगिरीतल्या कुठल्याही छळाइतकेच वाईट आहेत, असं त्यांनी लिहून ठेवलं. आपल्याकडे ऊसतोडीच्या उचलीत अडकलेली कुटुंबं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा व्यवहार समजावून सांगावा लागणार नाही.

काल्तानिसेत्ताजवळच्या जेस्सोलुंगो खाणीत १२ नोव्हेंबर १८८१ रोजी स्फोट झाला. ६५ जण मेले, त्यांत १९ कारुसी होते. त्यांची दफनभूमी आहे. तिथे फोटोसाठी हसत उभं राहू नका.

पिवळा खडा खिशात घालू नका, भिंतींवर नावं कोरू नका. आणि वाटाड्याची वेळ निघण्याआधीच ठरवा. तो मिळाला नाही तर खाणीत एकट्याने शिरू नका, दुसऱ्या दिवशी जा.