सातबारा चंद्रावर ठेवावा!

पृथ्वीवरील माहिती आता सुरक्षित राहिलेली नाही. पूर, आग, युद्ध आणि संगणकीय दरोडे यांपासून ती वाचवावयाची तर तिची राखीव प्रत चंद्रावरच ठेविली पाहिजे, असा सिद्धान्त लोनस्टार या फ्लॉरिडातील कंपनीने मांडला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कृतीतही आणला. 'अथेना' या खासगी यानातून तिची ८ टेराबाइटची पेटी रवाना झाली. एवढा साठा आज कोणाही कार्यकर्त्याच्या शबनम पिशवीत सहज मावेल. ६ मार्च रोजी यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवानजीक उतरले, पण एका विवरात, कुशीवर. सौरपट्ट्यांना ऊन मिळेना. दुसऱ्याच दिवशी मोहीम आटोपली. वाटेतील चाचण्या यशस्वी झाल्या, असे कंपनीचे म्हणणे. बुडालेल्या पतपेढीचा संचालकही सभासदांस असेच सांगतो, की पासबुके मात्र उत्तम छापली होती.

हे पहिलेच नव्हे. ११ एप्रिल २०१९ रोजी इस्रायलचे 'बेरेशीट' यान चंद्रावर आदळले, त्यात निकेलच्या चकत्यांवर कोरलेली सुमारे ३ कोटी पाने होती. मानवी संस्कृतीचा हा विमा होता म्हणे! ज्या विम्याचा हप्ता मालाहून महाग आणि पावती ३,८४,००० किलोमीटरवर, तो विमा कोणत्या अर्थशास्त्रात बसतो, हे मी आयुष्यभर हा विषय शिकवूनही सांगू शकत नाही.

तरीही विरोधासाठी विरोध नको. माझी नम्र सूचना अशी, की महाराष्ट्रातील सर्व सातबारा उतारे, रोजगार हमीची हजेरीपत्रके आणि शिधापत्रिका चंद्रावर हलवाव्यात. चंद्रावरील रात्र सुमारे १४ दिवसांची असते. तेवढे दिवस 'सर्व्हर डाऊन आहे' हे उत्तर प्रथमच शास्त्रशुद्ध ठरेल. प्रश्न जाऊन उत्तर येण्यास अडीच सेकंद पुरतात. सज्जावरील तलाठ्याच्या मानाने हा वेग स्तिमित करणारा आहे. राबून बोटांचे ठसे पुसले गेलेल्या म्हातारीला रेशन दुकानदाराने परत पाठविले, तर निदान तिला वर आकाशात बोट दाखविता येईल.

विनोद येथे संपतो. १९६७ च्या अंतराळ करारान्वये कोणतेही राष्ट्र चंद्रावर स्वामित्व सांगू शकत नाही. मात्र यान ज्या राष्ट्राच्या नोंदवहीत, त्यावर अधिकार त्याच राष्ट्राचा. म्हणजे पेटी चंद्रावर, कायदा वॉशिंग्टनचा! पुढे २०१५ मध्ये अमेरिकेने आपल्या नागरिकांस अंतराळातील खनिजे काढून विकण्याची मुभा देऊन टाकली. चंद्र ही मानवजातीची सामाईक ठेव मानणाऱ्या १९७९ च्या करारावर भारताने १९८२ मध्ये सही केली. अनुसमर्थन मात्र केले नाही. 'अथेना'चे मोठे गिऱ्हाईक कोण? नासा, अर्थात अमेरिकी करदाता. गायरानाला कुंपण घालण्याची ही जुनीच रीत आहे: खुंटाचा खर्च गावाचा, आतला चारा पाटलाचा.

१९७७ मध्ये 'व्हॉयेजर'बरोबर केसरबाई केरकरांची भैरवी अंतराळात गेली, तेव्हा त्या तबकडीचे भाडे कोणी मागितले नव्हते.

माझे सेवापुस्तक निवृत्तीच्या वर्षी एका कार्यालयाने हरविले आणि सात महिने निवृत्तिवेतन अडले. अखेर नक्कल सापडली ती घरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली. सौभाग्यवतींनी ती जपली होती. ती ट्रंक चंद्रावर नेण्यास त्यांची हरकत आहे.