लेकरू झालं म्हणून रजिस्ट्रेशन सोडू नका

नांदगाव खंडेश्वरच्या आणि आसपासच्या गावांतल्या पोरी आता एम.एस्सी. करून थांबत नाहीत. कोणी अमरावती विद्यापीठात पीएचडीला नाव नोंदवते, कोणी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात. घरादाराला कौतुक असतं. मग लग्न होतं, दिवस जातात, आणि सातव्या महिन्यात माहेरी निघताना कोणीतरी सहज म्हणतं, "आता राहू दे ते." बायांनो, तेवढं ऐकू नका.

आधी नियम समजून घ्या. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडी करणाऱ्या स्त्रीला संपूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची किंवा बालसंगोपनाची रजा मिळू शकते. मुदत सहा वर्षांची, पुनर्नोंदणीची दोन आणि स्त्रियांना आणखी दोन, म्हणजे जास्तीत जास्त दहा वर्षं. यात कोणाची मेहेरबानी नाही. पण रजा आपोआप लागत नाही. अर्ज लेखी द्या, गाईडची सही घ्या, आवक क्रमांक टाकून घ्या आणि झेरॉक्स घरी ठेवा. बार्टी, सारथी किंवा महाज्योतीची फेलोशिप असेल तर तिथेही वेगळं कळवा. विद्यापीठाला कळलं म्हणजे त्यांना कळलं, असं होत नाही.

आपल्या वऱ्हाडात संशोधन बरेचदा शेताशी बांधलेलं असतं, तिथे पंचाईत मोठी. सोयाबीनच्या वाणांची चाचणी घेणारीला पावसाबरोबर प्लॉट पेरावाच लागतो. फूल कधी लागलं, शेंगा कधी धरल्या, या नोंदी त्या त्या दिवशीच घ्याव्या लागतात. ऐन श्रावणात बाळंतपण आलं की हंगाम गेला, आणि हंगाम गेला म्हणजे वर्ष गेलं. लॅबमध्ये बोंडअळी वाढवणारीला तर रविवारही नसतो, अळ्यांचं खाद्य बघावंच लागतं. म्हणून दिवस गेल्याचं गाईडला लवकर सांगा, लाजू नका. कोणत्या नोंदी दुसरा विद्यार्थी घेईल आणि पेपरवर त्याचं नाव कितवं येईल, हे आधीच ठरवा. मागाहून ठरवायला गेलं की भांडणं होतात. फवारणीची आणि घातक रसायनांची कामं त्या महिन्यांत दुसऱ्याकडे सोपवा, तुम्ही जुनी आकडेमोड आणि लिखाण उरका.

आता घरच्यांशी दोन शब्द. मेरी क्युरीचं नाव आपल्या सगळ्यांना शाळेपासून माहीत आहे. पोलोनियमचा शोध जाहीर झाला तो जुलै १८९८ मध्ये, तेव्हा थोरली लेक आयरीन वर्षाचीही नव्हती. तिला सांभाळायला घरी होते मेरीचे सासरे, डॉ. यूजीन क्युरी. घरातल्या आजोबांना हे जरूर वाचून दाखवा. आपल्याकडे नातू खेळवणं म्हणजे त्याला संध्याकाळी खंडेश्वराच्या देवळापर्यंत फिरवून आणणं. दुपटी बदलणं, भरवणं, निजवणं आलं की हाक सुनेलाच. सासूने तरी सगळं पुन्हा एकटीने का करावं? आणि बापाने लेकरासाठी रजा टाकली तर गावात चार दिवस चर्चा होईल, होऊ द्या.

विद्यापीठांकडेही मागणं आहे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी मुंबईत कर्करोगावर संशोधन केलं, १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. त्या स्वतः आई होत्या. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेत त्यांचा पुढाकार होता. ही संघटना वाशीला नोकरदार स्त्रियांचं वसतिगृह आणि पाळणाघर चालवते. महिला दिनाच्या शंभर भाषणांपेक्षा हे एक पाळणाघर मला मोलाचं वाटतं. पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या संस्थेत पाळणाघराची सोय २०१७ च्या दुरुस्तीने कायद्यातच आली आहे. आपल्या विभागात ती आहे का, आणि पीएचडीच्या विद्यार्थिनींना तिचा लाभ मिळतो का, हे लेखी विचारा. एकटीने न विचारता चौघींनी मिळून विचारा.

ज्यांचं काम आधीच सुटलं, त्यांच्यासाठी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची वाईज-किरण योजना आहे. खंड पडलेल्या स्त्रियांनी परत संशोधनात यावं, हाच तिचा एक उद्देश. जाहिरात निघाली की अटी नीट वाचा. तोवर कपाटातली जुनी फाइल काढा, गाईडला फोन लावा आणि मुदत किती उरली ते विचारून घ्या.