हाम्बाखच्या खाणीकाठी कोरपना

या सदरात मी एरवी सातबारा, भूसंपादन, ग्रामसभेचे ठराव आणि कोर्टातल्या तारखा यांवर लिहितो. आजचा विषय लांबचा वाटेल. आपल्या भागातून युरोपात कायदा शिकायला गेलेल्या मुलामुलींनी शनिवार-रविवारी फिरावे का? माझे मत आधीच सांगून टाकतो. फिरावे, जमेल तितके फिरावे, आणि घरच्यांपासून लपवू नये.

मुले लपवतात, म्हणून हे लिहितो आहे. परदेशातला एखादा फोटो दिसला की पारावर लगेच हिशेब मांडला जातो. बाप कापसाच्या चुकाऱ्यासाठी जिनिंगच्या दारात उभा आणि पोरगा शिष्यवृत्तीच्या पैशावर फिरतो, असे बोलले जाते. मग फोटो टाकणे बंद होते आणि आईने फोन केला की ‘लायब्ररीत होतो’ असे उत्तर मिळते. ही भीती मी समजू शकतो. पण तिच्यापायी शिक्षणाचा एक मोठा भाग चोरून घ्यावा लागावा, हे मला पटत नाही.

आपल्या चंद्रपूर जिल्ह्याला ही वाट नवी नाही. चांद्याचे राजाभाऊ खोब्रागडे लंडनहून बॅरिस्टर होऊन परतले आणि पुढे राज्यसभेचे उपसभापती झाले. कोरपना तालुक्यातल्या लखमापूरचे ॲड. दीपक चटप यांना २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारची चेवनिंग शिष्यवृत्ती मिळाली आणि ते लंडनच्या सोआस विद्यापीठात गेले. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा तिथवर पोचला, त्याचा आनंद अख्ख्या तालुक्याला झाला होता. आणि या वाटेवर सर्वांत पुढे असलेले बाबासाहेब? ग्रेज इनमधली बॅरिस्टरी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला अभ्यास सुरू असतानाच १९२२ मध्ये ते जर्मनीत गेले आणि बॉन विद्यापीठात त्यांनी नाव नोंदवले. एका शहरात बसून जे मिळत नाही त्यासाठी उठून जायचे, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी करून दाखवले आहे.

कायद्याच्या विद्यार्थ्याने कुठे जावे? न्युरेम्बर्गला जावे. नाझी नेत्यांवरचा खटला २० नोव्हेंबर १९४५ ते १ ऑक्टोबर १९४६ या काळात ज्या ६०० क्रमांकाच्या दालनात चालला, ते दालन पाहता येते. २०२० पर्यंत तिथे नेहमीचे खटलेही चालत. सत्तेवर बसलेल्या माणसालाही आरोपीच्या बाकावर बसवता येते, हे त्या खोलीत उभे राहून कळते तसे पुस्तकात कळत नाही. हेगला पीस पॅलेस आहे, १९१३ साली उघडलेला. आंतरराष्ट्रीय न्यायालय तिथेच बसते. कुलभूषण जाधव यांच्या खटल्याचा निकाल १७ जुलै २०१९ रोजी तिथे लागला. भारताची बाजू एक रुपया मानधनावर मांडणाऱ्या हरीश साळवे यांनी कायद्याची पदवी घेतली ती नागपूर विद्यापीठातून. विदर्भातल्या मुलाला त्या इमारतीच्या फाटकाशी परके वाटण्याचे काहीच कारण नाही.

पण कोरपन्याच्या मुलाला मी एकच जागा सांगायची झाली, तर जर्मनीतले हाम्बाख सांगेन. कोलोनहून लोकल गाडीने बुइर स्टेशनला उतरायचे. जवळच तपकिरी कोळशाची प्रचंड उघडी खाण आहे, तळ सुमारे चारशे मीटर खोल. जुने जंगल तिने गिळले, मानहाइमसारखी गावे उठवून दुसरीकडे बसवली. उरलेल्या जंगलावर २०१८ मध्ये करवत चालणार होती. पर्यावरण संघटना कोर्टात गेली. मुद्दा होता तिथल्या दुर्मिळ वटवाघळाचा, बेकस्टाइन जातीच्या. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी म्युन्स्टरच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने तोड थांबवली. उरलेले जंगल आज उभे आहे.

जर्मनीत शिकणाऱ्या आपल्याकडच्या एका मुलाने एका रविवारी तिथून व्हिडिओ कॉल केला, तेव्हा मी त्याच्या घरी होतो. खाणीच्या कडेने तो मोबाइल फिरवत होता. पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेलेली माती आणि तळाशी खेळण्याएवढे दिसणारे यंत्र. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “अन् पाणी कोठी सोडते थे लोकं?” गडचांदूरकडे सिमेंटसाठी चुनखडी निघते, राजुऱ्याकडे कोळसा, खाण म्हटली की इथला शेतकरी आधी आपल्या विहिरीकडे पाहतो. मुलाकडे उत्तर नव्हते. त्याने ते नंतर शोधले. खाण कोरडी ठेवायला भूजल उपसावे लागते, भोवतालची पातळी खूप खाली गेली आहे, आणि खाण बंद झाल्यावर तो खड्डा ऱ्हाइन नदीचे पाणी पाइपने आणून भरायचा बेत आहे. बापाच्या एका प्रश्नाने मुलाच्या प्रबंधाला विषय दिला. तो लायब्ररीतच बसला असता तर हा प्रश्न निघालाच नसता.

आता व्यवहाराचे. लंडनला शिकणाऱ्याला पॅरिस-हेगसाठी वेगळा शेंगेन व्हिसा काढावा लागतो, आणि त्यात पैसा आणि वेळ दोन्ही जातात. जर्मनी, फ्रान्स किंवा नेदरलँड्सचा निवास परवाना असेल तर शेंगेनमधल्या इतर देशांतही थोड्या दिवसांसाठी जाता येते. अर्ज भरतानाच हा विचार करावा. जर्मनीत २०२३ मध्ये महिन्याला ४९ युरोचे तिकीट सुरू झाले. दर आता वाढला आहे, पण देशभरच्या लोकल आणि प्रादेशिक गाड्या त्यावर चालतात, आणि विद्यार्थ्यांना ते आणखी स्वस्त पडते. शिष्यवृत्ती देणाऱ्यांनी एवढे करावे: न्यायालये आणि वादातल्या जागा पाहण्यासाठी थोडा प्रवासखर्च अभ्यासाचा भाग म्हणून मान्य करावा. आयफेल टॉवरसमोर फोटो काढला तरी मला वावगे वाटत नाही. विशी-पंचविशीतल्या पोराने तो काढावाच.

जे परदेशी जाऊ शकत नाहीत त्यांचे काय? धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) गडचिरोलीहून तासाभरावर आहे. वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवणारे, देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. चंद्रपूर-गडचिरोलीच्या विधी महाविद्यालयांनी दर सत्रात एका शनिवारी मुलांना तिथे न्यावे. ग्रामसभा चालू असताना मागे बसवावे, बांबूच्या हिशेबाची वही पाहू द्यावी. एसटीच्या भाड्यात हे जमते, आणि पुढच्या सत्रापासून सुरूही करता येईल.