दहा मिनिटांचा कांदा

पाककृतींच्या पुस्तकांत, मासिकांच्या शेवटच्या पानांवर आणि अलीकडे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एक असत्य इतक्या सातत्याने सांगितले जाते की, ते असत्य आहे याचाच आपल्याला विसर पडला आहे. ते असे : 'कांदा उभा चिरून तेलावर दहा मिनिटे परतावा, तो गडद तपकिरी व गोड झाला की त्यात मांस घालावे.' दहा मिनिटांत कांदा तसा होत नाही. तो कोणाच्याही चुलीवर कधी तसा झालेला नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी आम्ही लेखणी उचलली हे पाहून काही वाचक हसतील. त्यांनी जरूर हसावे. मात्र हसून झाल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारावा. कृतीत दहा मिनिटे लिहिली आहेत आणि प्रत्यक्षात पाऊण तास लागतो, तर मधली पस्तीस मिनिटे कोणाच्या आयुष्यातून वजा होतात?

प्रथम कांद्याची बाजू ऐकून घेऊ. कांद्याच्या वजनात जवळजवळ नऊ दशांश पाणीच असते. हे पाणी भांड्यात आहे तोवर तेथील उष्णतामान 100 अंश सेल्सियसच्या फारसे वर चढत नाही. आणि तेवढ्या उष्णतेत कांदा शिजतो, मऊ पडतो, पारदर्शक होतो, पण सहजासहजी तांबूस होत नाही. पाणी उडून गेल्यावरच त्याच्यातील साखर गडद होऊ लागते आणि साखर व अमिनो आम्ले यांच्यातील ती क्रिया वेग घेते, जिचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी 1912 साली केले. ज्या गोडसर, खमंग वासाने शेजारीही विचारतात की 'आज काय बेत आहे?', तो वास या क्रियेचा. आच वाढवून ती लवकर उरकता येत नाही. कडा करपतात, गाभा कच्चा राहतो आणि कडवटपणा सबंध पातेल्यात उतरतो. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर रंग लवकर येतो, पण कांद्याचा लगदा होतो. वरून साखर भुरभुरवली तर रंग विकत मिळतो, चव मिळत नाही.

ही लबाडी केवळ मराठी लेखनातच आहे असेही नाही. टॉम स्कोका या अमेरिकी पत्रकाराने 2012 साली नामांकित पाककृतींतील या खोट्या मिनिटांवर एक सडेतोड लेख लिहिला आणि शहाण्या माणसाने बेतशीर आचेवर हे काम केले तर पाऊण तास लागतो, हे स्वतः कांदे परतून दाखवून दिले. पुढे जे घडले ते अधिक बोलके आहे. 2017 साली त्यांच्याच ध्यानात आले की, गूगलला 'कांदा तांबूस होण्यास किती वेळ लागतो' असे विचारले असता ते यंत्र 'सुमारे पाच मिनिटे' असे उत्तर देई. आणि तो आकडा त्याने त्यांच्याच लेखातून, जेथे तो खोडून काढण्यासाठी दिला होता तेथून, उचललेला होता. असत्याचे खंडन करावे आणि त्या खंडनातूनच असत्याने पुन्हा मान वर काढावी, याला काय म्हणावे?

आता कांद्याशी प्रामाणिक असलेल्या एका पदार्थाकडे वळू. इटलीतील नेपल्स शहरात गोमांस, कांदा आणि पास्ता यांचा एक पदार्थ रविवारी व सणावारी घरोघरी रांधला जातो. त्याचे नाव 'ला जेनोवेझे', म्हणजे जेनोआची. मौज अशी की, जेनोआ शहरात या नावाचा असा पदार्थ नाही. नेपल्सच्या बंदरात येणाऱ्या जेनोआच्या लोकांबरोबर तो आला, असे एक सांगणे आहे. इतरही कथा आहेत. कथा कोणतीही खरी असो, पदार्थातील सत्य एकच आहे : एक किलो मांसाला दीड ते दोन किलो कांदा, आणि दोहोंना चार तासांची मंद आच. टोमॅटो त्यात जवळजवळ नसतोच. रस्सा जो सोनेरी-तपकिरी दिसतो, तो सर्वस्वी कांद्याचा रंग. अशा मंद रटरटण्याला नेपल्सच्या बोलीत 'पिप्पियारे' असा नादानुकारी शब्द आहे. ज्या लोकांनी उकळीच्या आवाजाला क्रियापद दिले, त्यांनी ती ऐकत बसण्याची तयारीही ठेवली असणार.

अशा पोटभरू, जिवाला निवांत करणाऱ्या जेवणाची मिरासदारी एकट्या नेपल्सकडे नाही. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात मंद शिजवलेले गोमांस व अंड्याच्या जाड नूडल्स कुस्करलेल्या बटाट्यावर वाढण्याची रीत आहे. आपल्याकडे गोव्याचे सोरपोतेल दोन-तीन दिवस मुरल्याखेरीज खऱ्या चवीला येत नाही. आणि ईस्ट इंडियन घरांतील बाटली मसाल्यासाठी भर उन्हाळ्यात मिरच्या वाळवाव्या, निवडाव्या, भाजाव्या आणि कांडाव्या लागतात, तेव्हा कोठे वर्षाची बेगमी होते. तात्पर्य, अन्नाला लागणारा वेळ आपल्या लोकांना ठाऊक नाही असे मुळीच नाही. तो ठाऊक असूनही आपण लिहीत नाही, मोजत नाही आणि वाटून घेत नाही, हे आमचे म्हणणे आहे.

मराठी पाकशास्त्राने एक मोठे काम पूर्वीच केले आहे. 'अंदाजाने मीठ', 'बेताचे तेल' अशा संदिग्ध बोलीत नवख्या सुनेची त्रेधा उडे. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा' या 1970 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाने वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघरी रुजवले, आणि ज्यांना शिकवायला जवळ आई वा सासू नव्हती अशा असंख्य मुलींना त्याचा आधार झाला. जिन्नसांना माप मिळाले. वेळेला मात्र अजूनही प्रामाणिक माप मिळालेले नाही. उलट 1980 च्या दशकात शेवयांच्या पाकिटावरून 'दोन मिनिटांत' हा मंत्र आपल्या घरांत शिरला आणि पाककृती लिहिणाऱ्या प्रत्येकाला आपली कृती अधिकाधिक 'झटपट' असल्याचे सांगणे भाग पडू लागले.

येथे एक आक्षेप हटकून घेतला जाईल, आणि तो आम्ही हलका मानीत नाही. नोकरी करणाऱ्या स्त्रीला, लोकलची गर्दी सोसून रात्री आठला घरी पोहोचणाऱ्या आईला झटपट स्वयंपाक हे वरदान आहे. ते तुम्ही हिरावून घेता काय? मुळीच नाही. ज्या दिवशी वेळ नाही त्या दिवशी खुशाल वरणभात करावा, अंडी फोडावीत, शेवयांचे पाकीट उघडावे. त्यात कसलीही लाज नाही. झटपट पदार्थाला झटपट म्हणण्यास आमची हरकत नाही; सावकाश होणाऱ्या पदार्थाला झटपट म्हणण्यास आहे. कारण दहा मिनिटांवर विश्वासून जी स्त्री साडेसातला कांदा टाकते, तिचे जेवण साडेआठला तयार होत नाही. मुले भुकेने कुरकुरतात, घरातील मोठी माणसे घड्याळ पाहतात; आणि दोष कोणाला मिळतो? छापील कृतीला नव्हे. 'तुला जमत नाही', हे त्या बाईला ऐकावे लागते, आणि पुष्कळदा ती स्वतःच ते स्वतःला ऐकवते. पाककृतीतील खोट्या मिनिटांचा खरा अन्याय हा आहे.

दुसरा पक्ष याच्या अगदी उलट टोकाचा आहे आणि तो आम्हांला अधिक धोकादायक वाटतो, कारण त्याची भाषा गोड आहे. 'आजीच्या हातची चव आता राहिली नाही', 'हल्लीच्या बायकांना चुलीपाशी उभे राहायला नको', असे हे मंडळी रविवारच्या भरल्या ताटावर बसून म्हणतात. आजीच्या हाताचे एवढे कौतुक करणाऱ्यांना आमचा सवाल आहे : आजी चार तास पातेल्यापाशी उभी होती, त्या चार तासांत आपण कोठे होता? केंद्र शासनाच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तीत घरच्यांसाठी विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देतात आणि असे काम करणारे पुरुष 97 मिनिटे, असे आढळले. शिवाय असे काम मुळात करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत शेकडा 81.2, तर पुरुषांत अवघे 26.1 होते. म्हणजे चारांतील जवळजवळ तीन पुरुषांनी त्या दिवशी घरकामाला हातच लावला नव्हता. ज्या चवीसाठी आपण हळहळतो ती चव आटली असेल, तर तिचे कारण स्त्रियांचा आळस नसून आपला आयतेपणा आहे.

एवंच, झटपटवाले वेळ लपवतात आणि आठवणींत रमणारे तो फुकट मागतात. दोघांच्याही हिशेबात रांधणाऱ्याच्या वेळेची किंमत शून्य आहे. आमची मागणी साधी आहे : कृतीत खरा वेळ लिहावा, आणि तो वेळ घराने वाटून घ्यावा.

केवळ टीका करून थांबणे बरे नव्हे, म्हणून नेपल्सच्या त्याच पदार्थाची कृती, खऱ्या वेळेसह, येथे देत आहोत. सहा माणसांसाठी एक किलो मांस घ्यावे. महाराष्ट्रात 2015 पासून गायीप्रमाणेच बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी असल्याने येथील घरांत म्हशीचेच मांस वापरावे लागेल. ते कमी चरबीचे व चिवट असते, म्हणून त्याला कुरकुर न करता अर्धा-पाऊण तास अधिक द्यावा. खांद्याचे किंवा पायाचे मांस घ्यावे. स्नायूंना बांधून ठेवणारे जे चिवट पापुद्रे अशा मांसात असतात, तेच मंद आचेवर विरघळून रश्श्याला दाटपणा देतात. कांदे दोन किलो घ्यावेत. साठवणीचा उन्हाळी कांदा उत्तम. ते सोलून चिरण्यास एकट्याला अर्धा तास लागतो, दोघांना पंधरा मिनिटे. डोळ्यांतील पाणी दोघांत वाटले गेले की थोडे विनोदीही वाटते.

जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून मांसाचे मोठे तुकडे सर्व बाजूंनी परतावेत, पंधरा मिनिटे. एक बारीक चिरलेले गाजर, मिळाल्यास सेलरीचा दांडा, सर्व कांदा व मीठ घालून झाकण ठेवावे. पाणी घालू नये; कांदा स्वतःचे पाणी सोडतो. अगदी मंद आचेवर अडीच ते तीन तास. या काळात दर वीस मिनिटांनी एकदा ढवळणे पुरे. प्रेशर कुकरने मांस लवकर मऊ होईल हे खरे. परंतु बंद झाकणाखाली कांद्याचे पाणी जाणार कोठे? म्हणून नंतरचा तास उघड्या भांड्याचाच. झाकण काढून पेलाभर पांढरी वाइन घालावी. नसल्यास थोडे पाणी चालेल. त्यानंतर तासभर सतत लक्ष ठेवून ढवळावे. कांद्याचा आकार नाहीसा होऊन तपकिरी, चकचकीत, दाट रस्सा उरला की झाले. नेपल्समध्ये 'झिती' नावाच्या लांब पोकळ नळ्या हाताने मोडून उकडतात. आपल्याकडे पेन्ने किंवा रुंद नूडल्स, पाचशे ग्रॅम, चालतील. आधी रश्श्यात घोळलेला पास्ता व वर किसलेले चीज, आणि नंतर मांस, अशी एकाच पातेल्यातून दोन वाढणी होतात. उरले तर दुसऱ्या दिवशी अधिक रुचकर लागते. एकूण वेळ, चिरण्यापासून वाढण्यापर्यंत : पाच तास. हा आकडा कमी करून सांगण्याचा मोह आम्हांलाही झाला नाही असे नाही, पण तो आवरला आहे.

आता या पाच तासांची वाटणी. चिरण्याला दोघांनी बसावे. झाकणाखालचे तीन तास घरात जो वर्तमानपत्र वाचीत असेल त्याचे. पातेल्याशेजारी बसूनही वर्तमानपत्र वाचता येते. शेवटचा ढवळण्याचा तास सर्वांत कष्टाचा. तो घरातील थोरल्या मुलाला व त्याच्या वडिलांना द्यावा, कारण 'आजीसारखे झाले नाही' असे म्हणण्याचा अधिकार ज्याला हवा आहे, त्याने तो पळ्यानेच कमवावा. आणि ज्या घरात एवढा वेळ काढण्यास कोणी तयार नाही, त्या घराने त्या रविवारी वरणभात खावा, तोही तक्रार न करता.

अन्नाने जिवाला जो विसावा मिळतो, तो कोणाच्या तरी उभे राहण्यातून आलेला असतो. ते उभे राहणे एकाच व्यक्तीच्या माथी मारून उरलेल्यांनी विसावा घ्यायचा, हा व्यवहार पाककृतीच्या पानावर दहा मिनिटांच्या आड लपवला गेला आहे. पाककृती लिहिणाऱ्या आमच्या भगिनींना आणि बंधूंना आमची विनंती आहे की, पुढच्या वेळी कांदा परतताना त्यांनी घड्याळ समोर ठेवावे आणि जे दिसेल तेच लिहावे. वाचक घाबरणार नाहीत. पंचेचाळीस मिनिटे लागतात हे आधी कळले, तर मदतीला हाक मारायला वेळ तरी मिळेल.