रस्त्यावरचा रामराम

नांदेडहून लातूरकडे निघालेली एस.टी. लोहा मागे टाकून अहमदपूरच्या रोखाने धावू लागते आणि समोरून लातूरची गाडी येताना दिसते. दोन्ही गाड्या परस्परांजवळून जातात तो क्षण डोळ्याचे पाते लवण्याइतका अल्प असतो. परंतु तेवढ्यात दोन्ही चालकांचे उजवे हात वर होतात. खिडकीतील प्रवाशाला वाटते, ओळखीच्या माणसाने ओळखीच्या माणसाला केलेला हा रामराम असेल. पुष्कळदा तसे नसते. चालकांनी एकमेकांचे नावही ऐकलेले नसते. ओळख माणसाची नसून कामाची असते.

हा रामराम म्हणजे केवळ शिष्टाचार नव्हे. समोरून येणाऱ्या चालकाने जो रस्ता नुकताच मागे टाकला, तोच आता या चालकाच्या पुढे असतो. सहज वर केलेला हात सांगतो, ‘वाट मोकळी आहे.’ तळवा खाली दाबल्यासारखा हलला, की वेग आवरावयाचा. पुढे जनावरांचा कळप असेल, अपघात झालेला असेल किंवा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेची गर्दी असेल. पावसाळ्यात तर गाड्या क्षणभर थांबतात आणि खिडकीतून खिडकीत दोन शब्द जातात : ‘पुलावर पाणी आहे, घाई करू नका.’ पन्नास माणसांचा जीव ज्याच्या हाती आहे, त्याला ही दोन वाक्ये किती मोलाची! ती ऐकून गाडी थांबविणाऱ्या चालकावर प्रवासी चिडतात, उशिराचा हिशेब मागतात. त्यांनी पाणी पाहिलेले नसते.

या सौजन्याचे मूळ अरुंद रस्त्यात आहे. मराठवाड्यातील रस्ते दीर्घकाळ एकपदरी होते. मध्ये डांबराची एक पट्टी, दोन्ही अंगांना मातीची साइडपट्टी. दोन मोटारी समोरासमोर आल्या, की दोघांनीही आपापले डावे चाक मातीत उतरवावयाचे, हा व्यवहार ठरलेला होता. एकाने हट्ट धरला, तर दोघांचाही नाश होण्याची भीती. त्यातही तारतम्य लागे. उन्हाळ्यात दगडासारखी कठीण असणारी काळी माती दोन पाऊस होताच लोण्यासारखी मऊ होते, आणि भरलेल्या गाडीचे चाक तीत रुतले, की गाडी एका अंगावर कलते. म्हणून ज्याच्या बाजूला मुरूम आहे त्याने खाली उतरावे, ज्याच्या बाजूला काळी माती आहे त्याला डांबर द्यावे. वाट सोडण्यात कमीपणा नाही, हे चालकांना त्या मातीने शिकविले. बालाघाटाच्या चढावर चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने आधी जाऊ द्यावे, हेही असेच. कारण चढावर थांबलेली जड गाडी पुन्हा हलविणे अवघड असते. २०१७ पर्यंत लागू असलेल्या १९८९ च्या केंद्रीय रस्ता-नियमांत हा संकेत लिहिलेला होता. पण नियमाचे पुस्तक उघडून पाहण्याइतका अवधी घाटात कोणाला मिळतो?

या भागातील मोटारसेवेचा इतिहासही ध्यानात घेण्याजोगा आहे. मुंबई राज्याची पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, तेव्हा नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याची स्वतःची मोटारसेवा १९३२ मध्येच सुरू झालेली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगण आंध्र प्रदेशात व बीदरचा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. कालपर्यंत एका राज्यात असलेले रस्ते तीन राज्यांचे झाले. तरी नांदेडहून देगलूरमार्गे हैदराबादेस आणि उदगीरहून बीदरला गाड्या जातच राहिल्या. तेथे समोरून येणाऱ्या चालकाची मातृभाषा तेलुगू असेल, कन्नड असेल किंवा उर्दू असेल. वर केलेला हात मात्र सर्वांना कळतो.

गाडी बिघडून रस्त्याकडेला उभी राहिली, म्हणजे या बंधुभावाची खरी किंमत कळते. मागून येणारी एस.टी. थांबते, वाहक अडलेल्या प्रवाशांना त्याच तिकिटावर आपल्या गाडीत घेतो, चालक जॅक नाही तर पाना काढून देतो. आधीच दाटीवाटीने बसलेली मंडळी कुरकुरत का होईना, पण सरकून जागा करतात.

एवढे गुण गाइल्यावर दोष झाकून ठेवणे योग्य होणार नाही. आपल्यासारख्याच मोठ्या गाडीला वाट देणारा चालक बैलगाडीला तितकी देतोच असे नाही. मांजरेच्या खोऱ्यात उसाचा हंगाम सुरू झाला, की रात्री दिव्यावाचून चाललेल्या गाड्यांची रांग रस्त्यावर असते. कर्कश भोंगा वाजवून, बैल बुजवून पुढे जाणाऱ्याने समोरच्या एस.टी.ला कितीही हात दाखविला, तरी त्याला सुजन म्हणता येत नाही. बैलगाडीवाला परत भोंगा वाजवू शकत नाही. म्हणून तर सौजन्याची पारख तेथे होते. दुसरा दोष याहून गंभीर आहे. सोबत्याचे डोळे झोपेने जड झाले आहेत किंवा तोंडाला दारूचा वास येतो आहे, हे जाणूनही ‘आपला माणूस’ म्हणून गप्प राहणे याला कित्येक जण मैत्री समजतात. ती मैत्री नव्हे. पन्नास अनोळखी माणसांशी केलेला तो द्रोह आहे. अशा सोबत्याच्या हातून गाडी काढून घेऊन त्याला आगारातील विश्रांतीगृहात झोपविणारा सहकारी काही दिवस शिव्या खाईल. त्याने त्या आनंदाने खाव्यात.

पुढे नांदेड-लातूर मार्गाचे चौपदरीकरण हाती घेतले गेले. मध्ये दुभाजक आला, जाणारी वाहने एका अंगाने व येणारी दुसऱ्या अंगाने धावू लागली. समोरासमोरच्या धडकीचे भय पुष्कळ कमी झाले, ही मोठीच सोय होय; तिच्याविषयी खंत करणे वेडेपणाचे ठरेल. परंतु ज्या रस्त्यावर समोरचा चालक नीट दिसतच नाही, तेथे हात कोणाला दाखवावयाचा? पूर्वी सौजन्य केले नाही तर खड्ड्यात जावे लागे. आता ते न करताही गाडी सुरळीत पुढे जाते. म्हणून नव्या चालकास आगारात घेतल्यावर काही दिवस जुन्या चालकाशेजारी बसवून मुद्दाम आडगावच्या फेरीवर पाठवावे. तेथील रस्ते अजून अरुंद आहेत. साइडपट्टी कोठे मुरमाची आणि कोठे काळ्या मातीची, चाक कोठे उतरवावे आणि कोठे गाडी मागे घ्यावी, पाण्याने भरलेल्या ओढ्यापुढे किती वेळ धीराने बसावे, हे त्याला तेथे चार दिवसांत कळेल. आणि समोरून गाडी येताच शेजारचा जुना चालक न बोलता हात वर करील, तेही तो पाहील.